राजाचे बहात्तर दिवस आणि चाळीस मिलिमीटरचे टायर

ग्रॅव्हल सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलसारखी आणि वागायला दूधवाल्याच्या सायकलसारखी असते. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले, टायर मात्र चांगले चाळीस मिलिमीटर रुंद, आणि त्यांत हवा जेमतेम तीस-चाळीस पीएसआय. डांबरी रस्त्यावर ती शर्यतीच्या सायकलमागे पडते, डोंगरात माउंटन बाइकमागे पडते. जिथे रस्ता धड डांबरी नाही आणि धड पायवाटही नाही, अशा मधल्या मुलखात मात्र तिच्यापुढे दोघींचेही काही चालत नाही. फ्रान्समध्ये असा मधला मुलूख मुबलक आहे, आणि त्यातला सगळ्यात राजेशाही तुकडा ल्वार नदीच्या खोऱ्यात आहे.

ल्वार ही फ्रान्सची सर्वांत लांब नदी. आर्देशच्या डोंगरात उगम पावून, हजार किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर कापून ती सें-नाझेरपाशी अटलांटिकला मिळते. लांबीचा दिमाख मोठा, खोली बेताची. उन्हाळ्यात पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसते आणि बगळे गुडघाभर पाण्यात निवांत उभे असतात. जुन्या काळी तिच्यावर चालणाऱ्या मालवाहू होड्यांचे तळ म्हणूनच परातीसारखे सपाट असत. पण हीच नदी बिथरली की बिथरते. १८४६, १८५६ आणि १८६६ असे बरोबर दहा-दहा वर्षांनी, शिरगणतीला आल्यासारखे, तिचे तीन महापूर आले. काठच्या भिंतींवर पाणी कुठवर चढले होते त्याच्या खुणा अजून कोरलेल्या दिसतात, आणि त्या पाहायला मान बरीच वर करावी लागते. पुराच्या धास्तीने मध्ययुगापासून दोन्ही तीरांवर बांध घातले गेले. त्या बांधांच्या माथ्यावर आणि पायथ्याशी ज्या वाटा पडल्या, त्यांवर आज सायकली फिरतात.

अधिकृत सायकलमार्ग वेगळा. ‘ल्वार आ व्हेलो’ हा सुमारे ९०० किलोमीटरांचा मार्ग नव्हेरजवळून निघून समुद्रापर्यंत जातो. त्याचा बराच भाग थेट काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या ‘युरोव्हेलो ६’ या मार्गाचाच भाग आहे. त्यावर पाट्या आहेत, बाक आहेत, बॅटरीच्या सायकलीवर बसलेल्या आजीबाई आहेत आणि पुढच्या टोपलीत बसलेली त्यांची कुत्री आहेत. ग्रॅव्हलवाल्याला या मार्गाचे वावडे असते. त्याच्या नकाशात जाड रेघा नसतातच, तुटक रेघा असतात. पाच किलोमीटरचे अंतर बारा किलोमीटरांत कापून, वर ‘फार सुरेख वाट सापडली’ असे सांगणे हे या छंदाचे व्यवच्छेदक लक्षण मानावे लागेल. त्याच वेळी टोपलीतले कुत्रे पुढच्या गावी पोचून झोपलेले असते.

वाटेचा पृष्ठभाग सांगायला मराठीत शब्दांची चणचण नाही. खडी, कच, मुरूम, रेती, फुफाटा, आणि पाऊस पडला की रबडी. ल्वारच्या खोऱ्यात हे सर्व प्रकार एका सकाळीत भेटतात. जंगलातल्या सरळसोट वाटांवर दाबून बसवलेली खडी असते, बांधावर रेती, द्राक्षमळ्यांच्या वर पांढरी चुनखडी. कोरड्या दिवसांत चुनखडीची धूळ पिठासारखी उडते आणि संध्याकाळपर्यंत स्वार गिरणीतून आल्यासारखा दिसतो. पाऊस पडला की त्याच धुळीची पुट्टी होते. ती चेनमध्ये शिरली की सायकल जात्यासारखी घरघरू लागते, आणि रात्री मुक्कामी टूथब्रशने एक-एक कडी घासावी लागते. त्यासाठी नेलेला ब्रश आणि दातांचा ब्रश यांचा रंग वेगळा असावा, एवढी खबरदारी नवखेही दुसऱ्या दिवसापासून घेतात.

दिशेबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. नदीच्या प्रवाहाबरोबर गेले की उतार लागतो, या शालेय ज्ञानावर विसंबून बहुतेक जण पूर्वेकडून पश्चिमेकडे निघतात. पण ऑर्लेआँपासून थेट समुद्रापर्यंतच्या शेकडो किलोमीटरांत नदी शंभर मीटरसुद्धा उतरत नाही. म्हणजे उतार कागदावर असतो, पायांना तो कळत नाही. पायांना कळतो तो वारा, आणि तो या भागात बहुतांशी समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. त्यामुळे उताराच्या लोभाने निघालेला माणूस आठवडाभर वाऱ्याला डोके लावून पॅडल मारतो. समोरून, म्हणजे ‘चढावरून’, येणारे लोक मात्र शिट्टी वाजवत निघून जातात.

पॅरिसहून रेल्वेने ब्ल्वाला उतरून सुरुवात करणे सोयीचे. ब्ल्वाचा वाडा गावाच्या मधोमध आहे आणि त्याची प्रत्येक बाजू वेगळ्या राजवटीची. बारावा लुई, पहिला फ्रान्स्वा आणि मागाहून आलेला राजबंधू गास्तों, प्रत्येकाने मागच्याच्या बांधकामाशेजारी स्वतःचे काढले. कोणत्याही जुन्या वाड्यात चार भावांनी चार तऱ्हांची डागडुजी केलेली असते, तसा हा प्रकार आहे. फक्त इथल्या भावांकडे पैसा होता. २३ डिसेंबर १५८८ रोजी तिसऱ्या हेन्रीने याच वाड्यात आपला प्रतिस्पर्धी द्यूक द गीझ याचा काटा काढला. सायकलस्वाराला मात्र राणी कॅथरीन द मेदिचीची खोली जास्त जवळची वाटावी. तिच्या कोरीव लाकडी भिंतीत गुप्त कपाटे आहेत आणि ती उघडायला खाली, पायाशी, एक पॅडल आहे. वाड्याच्या समोर जादूगार रोबेर-ऊदँ याचे संग्रहालय आहे. हा १८०५ साली ब्ल्वातच जन्मला, आणि पुढे हुदिनीने आपले नाव त्याच्या नावावरून बेतले. ठरावीक वेळाने त्या घराच्या खिडक्यांतून सोनेरी अजस्र ड्रॅगनांची मुंडकी बाहेर येतात. त्या क्षणी खालून सायकल हाकत जाणाऱ्याचा तोल गेला, तर त्यात स्वाराचा दोष मानू नये.

नदी ओलांडून रानात शिरले की दोनेक तासांत शांबोर येते. दोन तास लागायचे कारण आधी सांगितलेच आहे. डांबरी रस्त्याने ते एका तासावर आहे. शांबोरचे रान ५,४४० हेक्टरांचे, पॅरिस शहराच्या साधारण निम्म्याएवढे, आणि त्याभोवती ३२ किलोमीटरांची भिंत. त्यातला मोठा भाग रानडुकरांना आणि हरणांना राखून ठेवलेला आहे. माणसांना काही भागच मोकळा आहे, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून हरणांचे नर माजावर येऊन हंबरू लागले की त्यातही जपून वागावे लागते. झाडांमधून सरळ रेघ मारल्यासारखी खडीची वाट जाते. तिच्या टोकाला आधी काही नसते, मग एक कळस दिसतो, मग दहा, मग एकदम अख्खे गावच छपरावर चढून बसलेय असे वाटते. धुराडी, मनोरे, जिने, कंदील यांची ती गर्दी पाहून चालत्या सायकलीवर माणसे तोंड उघडे टाकतात. रानात चिलटे फार असल्यामुळे हे टाळलेले बरे.

पहिल्या फ्रान्स्वाने १५१९ साली हे काम काढले. खोल्या ४२६, शेकोट्या २८२, जिने ७७. जवळून कोसों नावाची लहान नदी जाते. राजाला ती अपुरी वाटली आणि ल्वारच वळवून वाड्याच्या दारात आणायचा त्याचा बेत होता असे सांगतात. एवढे करून बत्तीस वर्षांच्या राजवटीत राजा इथे राहिला तो एकूण बहात्तर दिवस. या आकड्यावर पर्यटक हळहळतात, पण त्यात नवल काही नाही. त्या काळचे फ्रेंच राजे एका जागी राहतच नसत. दरबार म्हणजे हजारो माणसे आणि हजारो घोडी. हा तांडा एका गावी काही आठवडे राहिला की आसपासचे धान्य, सरपण आणि शिकार संपे, आणि संडासांची अवस्था सांगण्यापलीकडे जाई. मग तांडा पुढच्या वाड्याला हले. वाडे एरवी रिकामेच असत. पलंग, गालिचे, भिंतीवरचे पडदे, ताटे-वाट्या सगळे गाड्यांवर लादून राजाबरोबर हिंडे. फ्रेंचमध्ये फर्निचरला ‘मब्ल’ म्हणतात आणि त्याचा मूळ अर्थच ‘हलवता येणारे’ असा आहे.

हँडलला एक पिशवी, सीटखाली एक पिशवी आणि मधल्या दांड्याला तिसरी, एवढ्यात अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकघर कोंबून रोज सकाळी गाव सोडणारा ग्रॅव्हलवाला हा या परंपरेचा थेट वारस ठरतो. बसने आलेल्या पर्यटकांना हे पटत नाही. त्यांना तो फक्त चिखलाने भरलेला दिसतो. फ्रान्स्वाच्या दरबारालाही वाटेत चिखल लागतच असणार, पण चित्रकारांनी तो काढलेला नाही.

शांबोरच्या मधोमध प्रसिद्ध दुहेरी जिना आहे. दोन सर्पिल जिने एकाच खांबाभोवती एकमेकांत गुंफलेले आहेत, त्यामुळे एकाने चढणारा आणि दुसऱ्याने उतरणारा समोरासमोर कधीच येत नाहीत. मधल्या झरोक्यांतून एकमेकांना पाहू मात्र शकतात. कल्पना लिओनार्दो दा व्हिंचीची असावी असे अनेक जाणकार मानतात. जोडीने सायकलवर आलेल्यांनी हा जिना वेगवेगळ्या बाजूंनी चढू नये. नवरा गच्चीवर पोचतो, बायको खाली येते, झरोक्यातून दोघे हात हलवतात, आणि मग लक्षात येते की सायकलींच्या कुलपाची किल्ली एकाकडे आहे आणि पाण्याच्या बाटल्या, बिस्किटे व पैसे दुसऱ्याकडे. किल्लीवाला वर जायला निघतो त्याच क्षणी बाटलीवाली दुसऱ्या जिन्याने वर निघालेली असते. लिओनार्दोच्या बुद्धीला मनोमन दाद देत हा कार्यक्रम बराच वेळ चालतो.

शांबोरच्या दक्षिणेला शव्हेर्नी. पांढराशुभ्र, नीटनेटका आणि तोंडवळ्याने ओळखीचा. टिनटिनचे पुस्तक हातात घेतलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटतो, कारण टिनटिनचा चित्रकार हर्जे याने त्यातल्या कॅप्टन हॅडॉकचा वाडा काढताना शव्हेर्नीच समोर ठेवला होता. फक्त दोन टोकांचे दोन भाग त्याने उडवले, वाटणीत भाऊबंदांना गेल्यासारखे. वाड्याच्या मालकांकडे शंभरेक शिकारी कुत्र्यांचा ताफा आहे आणि त्यांचे जेवण हा पाहण्याचा सोहळा असतो. कुत्रेवाला हातात चाबूक धरून उभा, समोर मांसाची लांबलचक रांग, आणि त्याची खूण होईपर्यंत शंभर कुत्री जागेवर थरथरत थांबलेली. ही शिस्त भुकेल्या सायकलस्वारांना दाखवायला हवी. पण ते तोवर गावातल्या एकुलत्या एक बेकरीच्या बंद दारावरची पाटी वाचत उभे असतात.

कारण या खोऱ्यात खडीपेक्षा कठीण पदार्थ म्हणजे वेळापत्रक. दुपारचे जेवण बारा ते दोन. दोन वाजून पाच मिनिटांनी आलेल्याला खानावळीत खुर्ची मिळते, जेवण मिळत नाही. रविवारी दुपारनंतर खेडी झोपतात ती कित्येकदा मंगळवारी सकाळीच उठतात. दुकानात शिरताना आधी ‘बोंझूर’ म्हणावे लागते. ते न म्हणता पावाकडे बोट दाखवणाऱ्याला पाव मिळतो, पण चेहरा मिळत नाही. शाकाहारी माणसाची वाट आणखी खडबडीत. तूर शहराची प्रसिद्ध ‘रियेत’ म्हणजे चरबीत शिजवलेले डुकराचे मांस. ‘सॅलड’ म्हणून हिरवा पाला मागवावा तर त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे कोथिंबिरीसारखे भुरभुरलेले येतात. मांस नको म्हटले की वेटर क्षणभर विचार करतो आणि मासा सुचवतो. तारून नेते ते शेळीचे चीज. सेंत-मोर नावाच्या चीजच्या लांबट वळकटीतून आरपार एक गवताची काडी घातलेली असते, मोडू नये म्हणून. सायकलच्या पिशवीत दोन तास खडीवर हादरलेल्या चीजची काडी तेवढी शाबूत राहते.

पाण्याची सोय मात्र उत्तम आहे, फक्त ती स्मशानात आहे. फ्रेंच दफनभूमीत कबरींवरच्या फुलांसाठी नळ असतो, आणि दफनभूमी गावाच्या कडेला, सायकलवाटेला सोयीची असते. अनुभवी स्वार गावात शिरताना हॉटेल शोधत नाही, क्रूस शोधतो. लोखंडी फाटक हलकेच लोटायचे, टोपी काढायची, भिंतीजवळच्या हिरव्या झाऱ्यांमागचा नळ सोडायचा, आणि ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नाही ना हे बघून बाटल्या भरायच्या. शेजारी कुणी आजीबाई नवऱ्याच्या कबरीवरची शेवंती पुसत असल्या तर ‘बोंझूर’ इथेही म्हणायचे. तोंडावरची पांढरी धूळ अशा वेळी धुऊन घेतलेली बरी. संध्याकाळच्या उजेडात, कबरींमध्ये, तिने गैरसमज होऊ शकतो.

शोमोंचा वाडा नदीच्या कड्यावर आहे, म्हणजे इथे एकदाचा खरा चढ लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो एका साखरसम्राटाच्या मुलीने, मारी से हिने, विकत घेतला. साखरसम्राट हा शब्द मराठीइतका चपखल फ्रेंचमध्ये नसेल, पण माणूस तोच. लग्नानंतर ती प्रिन्सेस द ब्रॉय झाली आणि तिने घोड्यांसाठी असे तबेले बांधले की कित्येक माणसांनी हेवा करावा. त्यांत पुढे एक अनपेक्षित भाडेकरू आली. हिंदुस्थानच्या सफरीत कपूरथळ्याच्या महाराजांनी ब्रॉय दांपत्याला एक हत्तीण भेट दिली, आणि ती समुद्र ओलांडून ल्वारकाठी नांदायला आली. राजेरजवाड्यांच्या भेटींबाबत ‘नको’ म्हणायची सोय नसते. शेवटी तिची रवानगी पॅरिसच्या प्राणिबागेत झाली. अवजड सामान घेऊन ल्वारच्या खोऱ्यात उतरल्यावर मधूनच ते पोस्टाने पुढे पाठवून देणारे सायकलस्वार दरवर्षी दिसतात. त्यांनी शोमोंच्या तबेल्यात दोन मिनिटे थांबावे.

आंब्वाझला हेल्मेटचे महत्त्व पटते. आठवा चार्ल्स याच वाड्यात वाढला, इथेच त्याने इटालियन कारागीर आणून बांधकामे काढली, आणि ७ एप्रिल १४९८ रोजी राणीबरोबर चेंडूफळीचा खेळ बघायला घाईने जाताना त्याचे कपाळ एका बुटक्या दाराच्या गणेशपट्टीवर आपटले. काही तासांत तो गेला. वय सत्तावीस. युरोपात फौजा घेऊन इटलीपर्यंत धडक मारलेला राजा स्वतःच्या घराच्या चौकटीला धडकून गेला, याला काय म्हणावे? आंब्वाझ पाहून बाहेर पडलेला स्वार पुढचे दोन दिवस तरी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट आवळतो.

लिओनार्दो १५१६ साली, चौसष्टाव्या वर्षी, आल्प्स ओलांडून इथे आला आणि ‘मोनालिसा’ सामानात घेऊन आला. फ्रान्स्वाने त्याला क्लो-लुसेचा वाडा आणि भरघोस तनखा दिला, आणि २ मे १५१९ रोजी तो तिथेच वारला. सायकलवाल्यांचा त्याच्यावर खास जीव, कारण त्याच्या कागदपत्रांत सायकलचे चित्र सापडल्याचा १९७४ साली बराच गाजावाजा झाला. दोन चाके, पॅडल, चेनसुद्धा! बहुतेक अभ्यासकांच्या मते ते चित्र कुणीतरी फार नंतर, सायकली रस्त्यावर आल्यावर, घुसडलेले आहे. चित्रातली सायकल वळवताच येणार नाही अशी आहे, आणि दुहेरी जिन्याचा विचार करणारा माणूस वळायची सोय विसरेल हे पटणे कठीणच. सायकलस्वार मात्र पटवून घेतात.

आंब्वाझच्या रानातून दक्षिणेला उतरले की शेर नदी येते आणि तिच्यावर शनोन्सो. नदीचे नाव शेर असणे हा मराठी वाचकाच्या दृष्टीने भाग्याचा योग, कारण इथली सगळी कथाच शेराला सव्वाशेराची आहे. दुसऱ्या हेन्रीने हा वाडा आपली प्रेयसी दियान द प्वातिये हिला दिला. ती त्याच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी आणि हिशेबात त्याच्यापेक्षा कितीतरी पुढे. तिने बाग केली, नदीवर पूल बांधला. १५५९ साली हेन्री भाल्याच्या खेळात जखमी होऊन वारला, आणि इतकी वर्षे गप्प बसलेली राणी कॅथरीन द मेदिची उठली. तिने दियानकडून शनोन्सो काढून घेतले आणि बदल्यात शोमों दिले. मग दियानच्या बागेसमोर स्वतःची बाग केली आणि दियानच्या पुलावर साठ मीटरांचा दिवाणखाना चढवला. सवतीच्या पुलावर नाचायची हौस इतक्या शब्दशः फार थोड्या बायकांना फेडता आली असेल. पहिल्या महायुद्धात याच दिवाणखान्यात जखमी सैनिकांचे इस्पितळ होते. ते उघडणारे मनिये हे चॉकलेटचे कारखानदार. वाडा अजून त्यांच्याच घराण्याकडे आहे. दुसऱ्या महायुद्धात शेर नदी ही जर्मनव्याप्त आणि ‘मुक्त’ फ्रान्समधली हद्द झाली. दिवाणखान्याचे एक दार एका राज्यात आणि दुसरे दुसऱ्या, असा प्रकार झाला आणि त्यातून माणसे पलीकडे निसटली.

शनोन्सोला तिकिटाची रांग मोठी असते. नदीच्या दक्षिण तीरावर मात्र झाडांखालून मुरमाची सपाट वाट जाते, आणि तिथून कमानींवर तरंगणारा सगळा वाडा पाण्यातल्या प्रतिबिंबासकट फुकट दिसतो. ग्रॅव्हल सायकलीची किंमत वसूल होते असे एखादे ठिकाण सांगायचे झाले तर हेच सांगावे लागेल.

पुन्हा ल्वारकडे आले की व्हूव्रेचे द्राक्षमळे लागतात. इथली जमीन ‘तुफो’ नावाच्या मऊ, दुधी चुनखडीची. खोऱ्यातले कितीतरी वाडे याच दगडाचे आहेत, आणि दगड काढल्यावर उरलेल्या पोकळ्यांत लोकांनी घरे, दारूची तळघरे आणि अळंबीची शेती केली. म्हणजे वाडा वर गेला तेवढेच भोक खाली राहिले. मळ्यांमधल्या वाटेवरून जाताना वेलींच्या रांगेत मधूनच जमिनीतून धुराडे डोकावते, आणि कधी त्यातून फोडणीचा वास येतो. खाली कुणाचे तरी स्वयंपाकघर असते. १८९६ साली सुरू झालेली पॅरिस-तूर ही शर्यत सपाट रस्त्यावर जोरात सुटणाऱ्यांची म्हणून ओळखली जाई. २०१८ पासून आयोजकांनी तिच्या शेवटच्या टप्प्यात या मळ्यांमधल्या कच्च्या वाटा घातल्या. अरुंद टायरवाल्या नामवंतांना पंक्चरे झाली, आणि बऱ्याच जणांनी ही शर्यत आहे की शेती, असा सूर लावला. हौशी ग्रॅव्हलवाले त्याच वाटांवरून संथपणे, न कुरकुरता जातात. अर्थात त्यांच्या मागे कुणी लागलेले नसते.

तूर हे मोठे शहर आहे, आणि बाजारात तुरी मिळत नाहीत. पुढे जावे.

तूरच्या पश्चिमेला खजिनदारांचा पट्टा सुरू होतो. व्हिलांद्री बांधणारा जां ल ब्रतों हा फ्रान्स्वाचा अर्थखात्यातला माणूस. आझे-ल-रिदो बांधणारा झील बेर्तलो तसाच, आणि शनोन्सो मुळात उभारणारा तोमा बोइए हाही राजाच्या तिजोरीशीच संबंधित. राजा इटलीत लढाया करून कफल्लक होत होता आणि त्याचे हिशेबनीस नदीकाठी बुरूज बांधत होते, हे राजाच्याही हळूहळू ध्यानात आले. चौकशा लागल्या. सांब्लांसे नावाचा वयोवृद्ध अर्थाधिकारी १५२७ साली फासावर गेला, आणि बेर्तलो आझेचा वाडा अपुरा टाकून परागंदा झाला. अँद्र नदीतल्या बेटावरचा तो अपुरा वाडा सगळ्या खोऱ्यात देखणा आहे. पुरा झाला असता तर कदाचित एवढा राहिला नसता.

व्हिलांद्रीचे आकर्षण वाडा नव्हे, भाजी. १९०६ साली होआकीं कार्व्हायो या स्पॅनिश डॉक्टरने ही जागा घेतली आणि जुन्या धर्तीच्या बागा पुन्हा उभ्या केल्या. त्यातली परसबाग नऊ चौकोनांची, प्रत्येकाची नक्षी वेगळी आणि रंग भाज्यांचे. निळसर कोबी, लाल बीट, हिरवे गाजराचे तुरे, बांधावर छाटलेली सफरचंदे. लागवड वर्षातून दोनदा बदलते. चार दिवस बटाटा आणि चीजवर काढलेला शाकाहारी माणूस गच्चीवरून या रांगोळीकडे बघतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत जे येते त्याला कलास्वाद म्हणणे धाडसाचे आहे. भाजीला हात लावायला अर्थातच मनाई आहे.

युसेचा वाडा ‘निद्रिस्त सुंदरी’च्या गोष्टीशी जोडतात. वाटेवरून फोटो काढला की काम होते. मग शिनोंचे रान, सरळ वाटा आणि ठोकळ्यासारखा एकसुरी प्रवास, आणि त्यानंतर व्हियेन नदीवरचा शिनोंचा किल्ला. हा राजवाडा नव्हे, चांगले अवशेष उरलेला लढाऊ किल्ला. १४२९ साली झान द आर्क शत्रूच्या मुलखातून अकरा दिवस घोडा दौडवत इथे आली. दरबाऱ्यांत लपून उभ्या राहिलेल्या युवराजाला तिने बरोबर ओळखले अशी आख्यायिका आहे. अकरा दिवस खोगिरावर बसून आलेल्या माणसाला उभे राहता येत होते, हेच सायकलस्वारांना जास्त चमत्कारिक वाटते.

व्हियेन आणि ल्वार यांचा संगम कांद-सें-मार्तें या गावी. संत मार्तें ३९७ साली इथे वारला. प्वातियेचे आणि तूरचे लोक त्याच्या देहावर हक्क सांगू लागले. रात्री प्वातियेवाल्यांचा डोळा लागला तशी तूरवाल्यांनी खिडकीतून देह बाहेर काढला, होडीत ठेवला आणि प्रवाहाविरुद्ध वल्हवत घर गाठले, अशी कथा आहे. पश्चिम वारा त्यांच्या पाठीशी असणार.

इथून सोम्यूरपर्यंतची वाट कधी कड्यावरून, कधी कड्याच्या आतून जाते. उन्हातून एकदम गार, अंधाऱ्या गल्लीत शिरले की दोन्ही बाजूंना खडकात कोरलेली दारे असतात आणि टायरचा आवाज छतावरून परत येतो. काही गुहांत खानावळी आहेत. लाकडाच्या भट्टीत ‘फुए’ नावाचे पाव टाकतात; ते फुलक्यासारखे टम्म फुगतात, आणि ते फोडून आत पांढऱ्या घेवड्याची मऊ उसळ भरतात. हो, उसळच. शाकाहारी स्वार पहिले दोन उभ्यानेच खातो.

सोम्यूरचा किल्ला उंचावर आहे. गावात घोडदळाची जुनी शाळा आहे आणि काळ्या गणवेशातले ‘काद्र न्वार’चे स्वार अजून घोडे नाचवतात. रेल्वे स्टेशन नदीच्या पलीकडे. प्रादेशिक गाड्यांच्या डब्यात सायकलींसाठी छताजवळ आकडे असतात. सायकल उचलून पुढचे चाक आकड्यात अडकवायचे, मागचे खाली लोंबत ठेवायचे. गाडी हलली की टायरच्या खाचांतून आठवडाभराची पांढरी धूळ चिमूट-चिमूट गळू लागते. ती खाली बसलेल्या सद्गृहस्थाच्या काळ्या पँटवर पडते, आणि तो वर बघायच्या आत ‘बोंझूर’ म्हणून घ्यावे लागते.